मुंबईहून निघालेल्या बोटीवर १९ वर्षांच्या तरुणाने एक आकडा काढला, आणि त्या आकड्याची वाट थेट कृष्णविवरापर्यंत गेली

३१ जुलै १९३०. ऐन पावसाळ्यात मुंबई बंदरातून युरोपकडे जाणारी एक बोट सुटली. त्या बोटीवर मद्रासहून आलेला १९ वर्षांचा एक तरुण होता. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळाली होती आणि तो केंब्रिजला शिकायला चालला होता. घरी आई खूप आजारी होती. अशा वेळी परदेशी जावं की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली होती. शेवटी आईनेच जा म्हणून सांगितलं.

खवळलेला अरबी समुद्र मागे पडल्यावर या तरुणाने वही काढली. डोक्यात एकच प्रश्न होता. ताऱ्यांचं इंधन संपलं की पुढे काय होतं?

बोट इटलीला लागेपर्यंत त्याच्याकडे उत्तर होतं. ते उत्तर इतकं विचित्र होतं की पुढे जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या खगोलशास्त्रज्ञाने भरसभेत त्याची खिल्ली उडवली.

तो तरुण म्हणजे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर आणि खिल्ली उडवणारे शास्त्रज्ञ म्हणजे आर्थर एडिंग्टन. गंमत अशी की आज कृष्णविवरं कशी जन्मतात आणि कशी वाढतात हे समजून घ्यायचं असेल, तर या दोघांचीही नावं घ्यावी लागतात.

लाहोर ते मद्रास

चंद्रशेखर यांचा जन्म १९ ऑक्टोबर १९१० चा, लाहोरचा. कुटुंब तमिळ, पण वडील सुब्रह्मण्य अय्यर रेल्वेच्या हिशेब खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते, त्यामुळे मुक्काम लाहोरला. दहा भावंडांमध्ये चंद्रशेखर तिसरे, आणि मुलांमध्ये थोरले. वडिलांचे धाकटे भाऊ म्हणजे सी. व्ही. रामन. होय, तेच नोबेलवाले रामन.

आई सीतालक्ष्मी फारशी शाळा शिकलेल्या नव्हत्या, पण वाचनाची प्रचंड आवड. इब्सेनच्या एका गाजलेल्या नाटकाचा त्यांनी तमिळमध्ये अनुवाद केला होता. सुरुवातीची वर्षं मुलांचं शिक्षण घरीच झालं. १९१८ मध्ये कुटुंब मद्रासला आलं, तिथे शाळा झाली आणि मग प्रेसिडेन्सी कॉलेज.

थोरल्या मुलाने सनदी नोकरीत जावं अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचं मन गणितात आणि विज्ञानात रमलेलं. आईने मुलाची बाजू घेतली.

१९२८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ आर्नोल्ड सोमरफेल्ड मद्रासला व्याख्यानासाठी आले. चंद्रशेखर यांनी त्यांचं पुस्तक वाचून काढलेलं होतं. ते त्यांना जाऊन भेटले. तेव्हा कळलं की आपण पाठ केलेलं अणूचं शास्त्र जुनं झालंय, युरोपात तोवर नवं क्वांटम शास्त्र आलंय. दुसरा एखादा खचला असता. चंद्रशेखर यांनी सोमरफेल्ड यांच्याकडून नवा लेख मिळवला, त्याचा अभ्यास केला आणि त्यावर स्वतःचा शोधनिबंध लिहिला. तो केंब्रिजच्या राल्फ फाउलर यांच्याकडे पाठवला आणि तो लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापूनही आला. तेव्हा ते अजून कॉलेजातच होते.

बोटीवर नेमकं काय गणित मांडलं?

यासाठी तारा म्हणजे काय हे आधी थोडं बघू.

तारा म्हणजे एक सततची रस्सीखेच. त्याचं स्वतःचं गुरुत्वाकर्षण त्याला आत दाबत असतं. आत चाललेल्या अणुभट्टीची उष्णता त्याला बाहेर ढकलत असते. दोन्ही बाजू बरोबरीत असतात तोवर तारा टिकतो. आपला सूर्य गेली साधारण ४६० कोटी वर्षं असाच टिकून आहे.

पण इंधन कधीतरी संपणारच. मग गुरुत्वाकर्षण जिंकतं आणि तारा आक्रसायला लागतो. पण कुठवर?

आकाशात अशा आक्रसलेल्या ताऱ्यांची उदाहरणं तेव्हा सापडलेली होती. त्यांना श्वेतबटू म्हणतात. व्याध ताऱ्याचा जोडीदार हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. वस्तुमान जवळपास सूर्याएवढं, आकार जेमतेम पृथ्वीएवढा. तिथला चमचाभर माल काढला तर तो काही टन भरेल.

इतक्या दाबाखाली हे तारे पुढे आणखी का कोसळत नाहीत, याचं उत्तर फाउलर यांनी १९२६ मध्ये दिलं होतं. ते समजायला एखादं नाट्यगृह डोळ्यांसमोर आणा. एका खुर्चीवर एकच माणूस बसणार. पुढच्या रांगा भरल्या की नंतर येणाऱ्याला मागच्या रांगेत जावं लागतं. इलेक्ट्रॉनचंही तसंच आहे. दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. त्यांना दाटीवाटीने कोंबलं तर नव्याने येणाऱ्याला जास्त वेगाची जागा घ्यावी लागते. या वेगाने पळणाऱ्या इलेक्ट्रॉनचा जो दाब तयार होतो, तो तारा थंड झाला तरी कमी होत नाही. त्या दाबावर श्वेतबटू तगून राहतो.

म्हणजे मग कुठलाही तारा असो, शेवटी श्वेतबटू होऊन निवांत पडून राहणार. प्रश्न मिटला, असं सगळ्यांना वाटत होतं.

बोटीवर चंद्रशेखर यांच्या लक्षात एक गोष्ट आली. तारा जेवढा जड, तेवढा त्याच्या आतला दाब जास्त आणि इलेक्ट्रॉनचा वेगही जास्त. हा वेग वाढत वाढत प्रकाशाच्या वेगाजवळ जातो. पण आइन्स्टाइन यांच्या सापेक्षतावादानुसार प्रकाशाच्या पुढे कुणालाच जाता येत नाही. म्हणजे इलेक्ट्रॉनची पळायची ताकद कुठेतरी थिटी पडणार. नाट्यगृहाच्या भाषेत सांगायचं तर मागे रांगा आहेत, पण त्या रांगांमधून मिळणारा आधार आता पुरेसा राहिलेला नाही.

त्यांनी दोन्ही शास्त्रं एकत्र करून हिशेब मांडला, तर एक कमाल मर्यादा आली. त्या मर्यादेपेक्षा जड श्वेतबटू असूच शकत नाही. सुरुवातीला आलेला आकडा थोडा कमी होता. ताऱ्यात कुठली मूलद्रव्यं असतात याची माहिती सुधारल्यावर तो सूर्याच्या वस्तुमानाच्या सुमारे १.४ पट असा ठरला. यालाच आज चंद्रशेखर मर्यादा म्हणतात.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. विल्हेल्म अँडरसन आणि एडमंड स्टोनर हे दोन शास्त्रज्ञही त्याच सुमारास अशा मर्यादेपर्यंत पोहोचले होते. पण ताऱ्याची आतली पूर्ण रचना धरून सगळा सिद्धांत उभा केला तो चंद्रशेखर यांनी.

आणि हिशेबातून खरा प्रश्न पुढेच निघत होता. ज्या ताऱ्याचा उरलेला गाभा या मर्यादेपेक्षा जड असेल, त्याला कोण थांबवणार?

११ जानेवारी १९३५

केंब्रिजमधले पहिले दिवस सोपे नव्हते. मे १९३१ मध्ये, घर सोडून वर्षही झालं नव्हतं तेव्हा आई गेल्याची बातमी आली. हवामान वेगळं, माणसं अनोळखी, आजूबाजूला एकाहून एक नावाजलेले शास्त्रज्ञ. चंद्रशेखर कामात बुडून गेले. १९३३ मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजची फेलोशिप. रामानुजन यांच्यानंतर हा मान मिळवणारे ते दुसरे भारतीय.

आता मर्यादेचा सिद्धांत पक्का करायचा होता. त्यासाठी वेगवेगळ्या वस्तुमानांचे श्वेतबटू घेऊन महिनोन्महिने आकडेमोड चालली. एडिंग्टन अनेकदा त्यांच्या खोलीवर येऊन काम कुठवर आलं याची चौकशी करत.

एडिंग्टन म्हणजे काही साधं नाव नव्हतं. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश वाकतो हे मोजून आइन्स्टाइन यांचा सिद्धांत जगापुढे सिद्ध करणाऱ्या मोहिमांमागे तेच होते. ताऱ्यांच्या अंतरंगाचं शास्त्र तर त्यांनीच घडवलेलं. असा माणूस आपल्या कामात रस घेतोय म्हटल्यावर २४ वर्षांच्या चंद्रशेखर यांना काय वाटलं असेल याची कल्पना करा.

११ जानेवारी १९३५ ला लंडनमध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची बैठक होती. चंद्रशेखर यांनी आपला सिद्धांत मांडला. लगेच त्यांच्यानंतर एडिंग्टन बोलायला उभे राहिले. त्याच विषयावर. इतके दिवस येऊन-जाऊन असूनही आपण काय बोलणार आहोत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

एडिंग्टन यांचं म्हणणं असं होतं की हा सगळा हिशेबच चुकीच्या पायावर उभा आहे. सापेक्षतावाद आणि क्वांटम शास्त्र यांची अशी सांगड घालताच येत नाही. हा सिद्धांत खरा मानला तर जड तारा आक्रसत जाईल, आक्रसतच जाईल, शेवटी काही किलोमीटरचा उरेल आणि त्याचं गुरुत्वाकर्षण इतकं वाढेल की प्रकाशही आतच अडकेल. निसर्गात असा वेडेपणा होऊ नये यासाठी काहीतरी नियम असणारच, असं त्यांनी ठासून सांगितलं.

सभागृहात हशा पिकला. चंद्रशेखर यांना उत्तर द्यायची संधी मिळाली नाही.

जरा थांबून बघा, एडिंग्टन यांनी नेमकं काय केलं होतं. त्यांनी कृष्णविवराचं जवळपास अचूक वर्णन केलं होतं. सूर्याएवढं वस्तुमान कृष्णविवर व्हायचं असेल तर ते साधारण ३ किलोमीटर त्रिज्येच्या गोळ्यात कोंबावं लागतं, हे आज आपल्याला माहीत आहे. चंद्रशेखर यांच्या हिशेबाचा अर्थ त्या सभागृहात सगळ्यात स्पष्टपणे त्यांनाच दिसला होता. फक्त तो त्यांना मान्य नव्हता.

भांडण नाही, पण विषय सोडला

चंद्रशेखर यांनी मोठ्या भौतिकशास्त्रज्ञांकडे धाव घेतली. नील्स बोर, वोल्फगांग पाउली यांच्यापर्यंत विषय गेला. खासगीत त्यांनी चंद्रशेखर यांचं बरोबर असल्याचं सांगितलं, पण एडिंग्टन यांच्याविरुद्ध उघड बोलायला कुणी पुढे आलं नाही. खगोलशास्त्रज्ञांमध्ये एडिंग्टन यांचा शब्द चालत राहिला.

१९३६ मध्ये चंद्रशेखर भारतात आले. कॉलेजातली मैत्रीण ललिता दोराईस्वामी यांच्याशी लग्न केलं. त्याही भौतिकशास्त्राच्याच विद्यार्थिनी. १९३७ च्या सुरुवातीला दोघं अमेरिकेत पोहोचले. विस्कॉन्सिनमधल्या एका तलावाकाठच्या छोट्या गावात शिकागो विद्यापीठाची यर्क्स वेधशाळा होती, तिथे नोकरी मिळाली. कडाक्याची थंडी आणि वर त्या काळातला वर्णद्वेष. शिकागोच्या आवारात त्यांनी शिकवण्याला त्यांच्या रंगावरून विरोध झाला होता, तो विद्यापीठाच्या अध्यक्षांनी मोडून काढला.

१९३९ मध्ये ताऱ्यांच्या रचनेवरचं त्यांचं पुस्तक आलं. आपला मर्यादेचा सिद्धांत त्यात नीट लिहून ठेवला आणि त्यांनी तो विषय बाजूला ठेवला. वाद घालत आयुष्य काढण्यापेक्षा नवीन काम करावं, असा निर्णय घेतला.

मग त्यांची एक पद्धतच पडली. एक विषय घ्यायचा, त्यात कित्येक वर्षं घालवायची, शेवटी त्यावर एक जाडजूड पुस्तक लिहायचं आणि पुढच्या विषयाकडे वळायचं. ताऱ्यांच्या समूहांची गती, ताऱ्यांच्या वातावरणातून प्रकाश कसा वाट काढतो, वाहत्या द्रवांचं स्थैर्य, असे एकेक विषय ते पार करत गेले. १९५२ ते १९७१ अशी जवळपास १९ वर्षं अॅस्ट्रोफिजिकल जर्नलचं संपादन केलं आणि विद्यापीठाच्या नियतकालिकाला जगातल्या सर्वात महत्त्वाच्या नियतकालिकांपैकी एक बनवलं.

एडिंग्टन यांच्याशी त्यांनी वैर धरलं नाही. दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला. १९४४ मध्ये एडिंग्टन गेले. १९८२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त केंब्रिजमध्ये व्याख्यानं देण्यासाठी चंद्रशेखर यांनाच बोलावलं गेलं, आणि त्यांनी एडिंग्टन यांना आपल्या काळातले सर्वात थोर खगोलभौतिकशास्त्रज्ञ म्हणून गौरवलं.

दरम्यान आकाशाने निकाल दिला

चंद्रशेखर दुसऱ्या विषयांत गुंतलेले असताना त्यांचा जुना प्रश्न हळूहळू सुटत होता.

१९३९ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट ओपेनहायमर यांनी आपल्या विद्यार्थ्यांसोबत दोन निबंध लिहिले. एकात त्यांनी दाखवलं की न्यूट्रॉनच्या ताऱ्यालाही अशीच कमाल मर्यादा आहे. दुसऱ्यात दाखवलं की पुरेसा जड तारा कोसळतच जातो आणि बाकीच्या विश्वाशी त्याचा संबंध तुटतो. मग महायुद्ध आलं, ओपेनहायमर अणुबॉम्बच्या कामाला लागले आणि हे निबंध मागे पडले.

१९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसलिन बेल यांना पल्सार सापडला. न्यूट्रॉन तारे खरंच असतात हे त्यातून पुढे आलं. १९७१ च्या सुमारास हंस तारकासमूहात सिग्नस एक्स-१ या ठिकाणी एक्स-रे फेकणारी एक अदृश्य वस्तू एका ताऱ्याभोवती फिरताना लक्षात आली. ती न्यूट्रॉन तारा असण्याइतकी हलकी नव्हती. ते कृष्णविवर होतं. नव्या मोजमापानुसार त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे २१ पट आहे.

आज हे चित्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. सूर्यासारखे आणि सूर्याच्या साधारण आठपटीपर्यंतचे तारे शेवटी श्वेतबटू होतात, कारण बाहेरचे थर उडून गेल्यावर उरलेला गाभा १.४ च्या आत असतो. त्याहून जड ताऱ्यांच्या पोटात लोखंडाचा गाभा तयार होतो. लोखंड जाळून ऊर्जा मिळत नाही. तो गाभा वाढत जाऊन चंद्रशेखर मर्यादेला टेकला की सेकंदापेक्षा कमी वेळात कोसळतो. बाहेरचे थर स्फोटात उडाले तर मागे न्यूट्रॉन तारा राहतो. तारा फारच जड असेल, तर न्यूट्रॉनचाही टेकू तुटतो आणि कृष्णविवर जन्माला येतं.

यातला एक गैरसमज दूर करू. १.४ ही मर्यादा ओलांडली की लगेच कृष्णविवर, असं नाही. एखादा श्वेतबटू शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून या मर्यादेपाशी पोहोचला तर त्याच्या आत अणुस्फोट होतो आणि तो अख्खाच उडून जातो. चंद्रशेखर मर्यादेने पहिला दरवाजा उघडला. कृष्णविवरापर्यंत जायला न्यूट्रॉनचा दुसरा दरवाजाही पार करावा लागतो.

साठीनंतर परत त्याच विषयावर

१९७४ च्या आसपास, वयाच्या ६४ व्या वर्षी चंद्रशेखर कृष्णविवरांच्या गणिताकडे वळले. ज्या विषयाच्या उंबऱ्यावरून तरुणपणी परतावं लागलं होतं, त्याच घरात आता ते शिरले. १९८३ मध्ये कृष्णविवरांच्या गणिती सिद्धांतावरचं त्यांचं मोठं पुस्तक प्रसिद्ध झालं.

त्यांना या विषयाची ओढ त्याच्या साधेपणामुळे होती. एखाद्या डोंगराचं किंवा ढगाचं वर्णन करायला हजार आकडे लागतात. निसर्गातल्या कृष्णविवराचं वर्णन दोनच आकड्यांत होतं. वस्तुमान किती आणि फिरतंय किती. आत लोखंड गेलं की हायड्रोजन, त्याने काही फरक पडत नाही.

त्याच वर्षी त्यांना विल्यम फाउलर यांच्यासोबत विभागून नोबेल मिळालं. बोटीवरच्या त्या वहीनंतर ५३ वर्षांनी.

डिसेंबर १९९२ मध्ये ते पुण्यात आले होते. जयंत नारळीकर यांनी उभारलेल्या आयुकाचं लोकार्पण त्यांच्याच हस्ते झालं. तिथलं सभागृहही आज चंद्रशेखर यांच्या नावाने ओळखलं जातं. २१ ऑगस्ट १९९५ ला शिकागोत त्यांचं निधन झालं.

१९३५ मध्येच सगळ्यांनी मान डोलावली असती तर? यावर उतारवयात ते म्हणत की तेव्हा एडिंग्टन यांनी पाठिंबा दिला असता तर विषय नक्कीच पुढे गेला असता, पण इतक्या लहान वयात मिळालेल्या प्रसिद्धीने आपलं काय केलं असतं हे सांगता येत नाही.

मग कृष्णविवरं वाढतात कशी?

२३ जुलै १९९९ ला कोलंबिया यानातून नासाने एक्स-रे दुर्बीण अवकाशात सोडली. तिला नाव दिलं चंद्रा. चंद्रशेखर यांना जवळचे लोक याच नावाने हाक मारत. कृष्णविवरं काय खातात आणि कशी वाढतात हे पाहण्याच्या कामात ही दुर्बीण आघाडीवर राहिली आहे.

आता तुम्ही म्हणाल, प्रकाशच बाहेर येत नाही तर दिसतं काय?

दिसतं ते आत पडण्याआधीचं. कृष्णविवर म्हणजे काही सगळं ओढून घेणारा व्हॅक्यूम क्लीनर नाही. सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवलं तरी पृथ्वी आपल्या कक्षेत तशीच फिरत राहील. पण खूप जवळ आलेला वायू मात्र भोवती गरगरत फिरू लागतो. त्याची तबकडी तयार होते, घर्षणाने ती लाखो-कोट्यवधी अंशांपर्यंत तापते आणि एक्स-रे बाहेर पडतात. चंद्रा दुर्बीण हे एक्स-रे टिपते.

वाढायचा दुसरा मार्ग म्हणजे दोन कृष्णविवरांनी एकमेकांत मिसळणं. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी अशाच एका मिलनातून निघालेल्या लहरी पहिल्यांदा पकडल्या. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकत्र येऊन ६२ पटीचं एक झालं होतं. उरलेलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन निघून गेलं. लायगोचं भारतातलं यंत्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभं राहणार आहे.

आणि मग येतात राक्षसी कृष्णविवरं. ही दीर्घिकांच्या मध्यभागी असतात. आपल्या आकाशगंगेच्या मधलं कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांएवढं आहे. २०१९ मध्ये ज्याचा पहिला फोटो आपण सगळ्यांनी पाहिला, ते एम-८७ मधलं कृष्णविवर तर तब्बल ६५० कोटी सूर्यांएवढं.

इथे एडिंग्टन परत येतात

खाणं भरपूर असलं तरी कृष्णविवराला हवं तेवढ्या वेगाने खाता येत नाही. आत पडणारा वायू तापून जो प्रकाश फेकतो, तोच प्रकाश मागून येणाऱ्या वायूला बाहेर ढकलतो. जास्त खाल्लं की जास्त प्रकाश, जास्त प्रकाश की पुढचा घास लांब. एका ठरावीक तेजाला दोन्ही जोर सारखे होतात. प्रकाशाच्या या ढकलण्याचा हिशेब एडिंग्टन यांनी ताऱ्यांसाठी मांडला होता. म्हणून या वेगमर्यादेला एडिंग्टन मर्यादा म्हणतात.

ज्या वस्तू असूच शकत नाहीत असं ते म्हणाले, त्या वस्तूंची भूक आज त्यांच्याच नावाने मोजली जाते.

या मर्यादेने शास्त्रज्ञांना सध्या मोठं कोडं घातलंय. मर्यादा पाळून सतत खात राहिलं तर कृष्णविवराचं वस्तुमान दुप्पट व्हायला साधारण ३ कोटी वर्षं लागतात. समजा मेलेल्या ताऱ्यातून १०० सूर्यांएवढं कृष्णविवर जन्मलं. त्याचं १ कोटी सूर्यांएवढं व्हायला ते सुमारे १७ वेळा दुप्पट व्हायला हवं. म्हणजे ५० कोटींहून जास्त वर्षं, तीही एकही उपास न पडता.

२०२३ मध्ये चंद्रा आणि जेम्स वेब या दोन दुर्बिणींनी मिळून यूएचझेड-१ नावाच्या दीर्घिकेत एक कृष्णविवर शोधलं. महास्फोटानंतर फक्त ४७ कोटी वर्षांनी ते १ ते १० कोटी सूर्यांएवढं झालेलं होतं. वेळेचा हिशेबच बसत नाही.

यावर येल विद्यापीठातल्या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ प्रियंवदा नटराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीपासून एक शक्यता मांडून ठेवली होती. काही कृष्णविवरं ताऱ्यातून जन्मतच नसावीत. विश्वाच्या सुरुवातीला वायूचे अवाढव्य ढग थेट कोसळले आणि जन्मतःच दहा हजार ते एक लाख सूर्यांएवढी कृष्णविवरं तयार झाली. एवढं मोठं बीज मिळालं तर फक्त सातेक वेळा दुप्पट व्हायचं, वीस-एकवीस कोटी वर्षांत काम भागतं. या मार्गाने जन्मलेल्या कृष्णविवराला चंद्रशेखर मर्यादेच्या दारातून जावंच लागत नाही. दुसऱ्या बाजूचे शास्त्रज्ञ म्हणतात की बीजं लहानच होती, पण अधूनमधून ती एडिंग्टन मर्यादा मोडून खात असावीत. वाद अजून चालू आहे.

म्हणजे ९० वर्षांनंतरही प्रश्न याच दोन नावांभोवती फिरतोय. कृष्णविवर ताऱ्याच्या मरणातून आलं की थेट ढगातून? वाढताना त्याने वेगमर्यादा पाळली की मोडली?

यात कोण बरोबर ठरेल हे पुढची निरीक्षणं सांगतील. पण १९३५ च्या त्या सभेने एक गोष्ट शिकवून ठेवली आहे. उत्तर कितीही वेडगळ वाटलं तरी गणित तपासून बघायच्या आधी हसायचं नाही.